यवतेश्वरचा घाट, महिन्याचं रनिंग आणि नव्या एसयूव्हीचं इंजिन

२०२१ च्या दसऱ्याला मी डिझेल एसयूव्ही घेतली. का, असं विचाराल तर उत्तर नाही. वडिलांची जीप डिझेल, चुलत्यांची सुमो डिझेल, मग आपली दुसऱ्या कशावर चालणार? घर साताऱ्यात गोडोलीला, दुकान राजवाड्याच्या अलीकडे. सकाळी जायचं, दुपारी जेवायला यायचं, पुन्हा जायचं, रात्री परत. एक खेप तीन-साडेतीन किलोमीटरची. इंजिन धड गरम व्हायच्या आत गाडी बंद.

चौथ्या महिन्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून वर आलो आणि डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने लॅपटॉप लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, बिघाड काही नाही. हिला जरा हायवेला पळवून आणा."

"कुठपर्यंत?"

"जावा की कराडपर्यंत."

मग एका रविवारी काडीचं काम नसताना मी कराडला गेलो, येताना उंब्रजला चहा प्यायलो आणि घरी आलो. दिवा गेला. दोन महिन्यांनी परत लागला. परत कराड.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणी नवी गाडी घ्यायला निघालं आणि "कुठली घेऊ?" म्हणून विचारायला लागलं, की मी कंपनीचं नावच काढत नाही. आधी विचारतो, महिन्याला गाडी किती फिरते, कुठे फिरते आणि घाटात चढताना आत किती माणसं असतात. इंजिन याच्यावर ठरतं. सनरूफ, स्क्रीन, कॅमेरे यांचं नंतर बघू.

आधी तीन महिन्यांची वही

शोरूमची पायरी चढण्याआधी हे काम करा. सध्या जी गाडी असेल, अगदी दुचाकी असली तरी, तिचं रीडिंग दर रविवारी एका वहीत लिहा. तीन रकाने आखा. पहिल्यात गावातल्या छोट्या खेपा, म्हणजे एका वेळी पाच-सहा किलोमीटरच्या आतल्या. दुसऱ्यात हायवेचं आणि गावाबाहेरचं सलग रनिंग. तिसऱ्यात घाट: कुठला घाट, किती वेळा, आणि आत माणसं किती.

वही कशाला, असं वाटेल. पण आपल्या रनिंगचा अंदाज जवळजवळ प्रत्येकाचा चुकतो, आणि तो नेहमी वरच चुकतो. माझा चुलतभाऊ वाईला असतो. "दीड हजार तर कुठंच जात नाही," हे त्याचं ठाम मत. तीन महिने लिहायला लावलं, तर सरासरी आठशेच्याही खाली आली. पुण्याच्या दोन खेपा, एक लग्न आणि बाकी सगळं वाई बाजारपेठ ते घर. लग्नसराईतला एखादा महिना डोक्यात बसतो आणि माणूस वर्षभराचा हिशेब त्याच्यावर मांडतो.

वही लिहून झाली की दोन आकडे काढा. महिन्याचे एकूण किलोमीटर, आणि त्यातल्या छोट्या खेपांचा वाटा. दुसरा आकडा निम्म्याच्या वर गेला, तर डिझेलचा भाग फक्त माहितीसाठी वाचा.

कागदावरचे आकडे कसे वाचायचे

शोरूममध्ये पीएस, म्हणजे ढोबळमानाने हॉर्सपॉवर, मोठ्या अक्षरात सांगतात. आपल्या भागात त्याहून जास्त उपयोगाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिन किती जोराने ओढतं त्याचा; तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. आणि टॉर्कपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो.

एकाच गाडीचं उदाहरण घेऊ, म्हणजे वजन आणि आकार यांचा घोळ नको. ह्युंदाई क्रेटा १.५ लिटरच्या तीन इंजिनांत आली. साधं पेट्रोल, म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं: ११५ पीएस आणि १४४ न्यूटन मीटर. टर्बो पेट्रोल: १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटर. डिझेल: ११६ पीएस आणि २५० न्यूटन मीटर. नुसते पीएस बघितले तर साधं पेट्रोल आणि डिझेल सख्खे भाऊ वाटतात. पण साध्या पेट्रोलचा पूर्ण टॉर्क साडेचार हजार आरपीएमला येतो, डिझेलचा आणि टर्बोचा दीड हजारापासून हजर असतो.

आता साताऱ्याहून कासकडे चढणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात चला. समर्थ मंदिरापासून वर निघाल्यावर आखूड वळण येतं, समोरून कासहून परतणारी गाडी येते, आपण वेग तोडतो, दुसरा गिअर टाकतो. इंजिन त्या क्षणी दीड-दोन हजारावर असतं. तिथे डिझेल किंवा टर्बो नुसत्या पायाच्या दाबावर गाडी वर ओढते. साधं पेट्रोल म्हणतं, आधी मला चार हजारावर न्या. मग रेस वाढवा, आवाज ऐका, वेळप्रसंगी पहिला गिअर टाका. गाडी चढत नाही असं नाही, चढतेच. पण चालवणाऱ्याला घाम फुटतो आणि मागच्या सीटवरून "गाडी दमली का रे?" असं येतं.

यात उंचीची भर पडते. ब्रोशरमधले आकडे समुद्रसपाटीच्या हवेशी जुळवलेले असतात. वर जाऊ तशी हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाला तेवढी कमी हवा मिळते. ढोबळ हिशेब दर शंभर मीटरला एक टक्का. सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे सहा-सात टक्के इथेच गेले. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, तिथे बारा-तेरा टक्के. १४४ मधून तेवढे वजा करा. टर्बो असलेलं इंजिन, पेट्रोल असो की डिझेल, हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याला ही झळ फारशी लागत नाही. मुंबईच्या मित्राची जी गाडी त्याला "झकास पळते", ती वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात आपल्याला मरगळलेली का वाटते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

चार मीटरच्या आतल्या गाड्यांत फरक आणखी ठळक दिसतो. मारुती ब्रेझाचं १.५ लिटर साधं पेट्रोल १०३ पीएस आणि साधारण १३७ न्यूटन मीटर देतं. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर, तर तिचं १.५ डिझेल ११५ पीएस आणि २६०. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओचं डिझेल तर ३०० न्यूटन मीटर. छोट्या गाडीला इतका दम म्हणजे घाटात चैन आहे.

याचा अर्थ साधं पेट्रोल टाकाऊ, असा मुळीच नाही. त्यात टर्बो नाही, त्याचे पाइप नाहीत, महागडे भाग कमी. गावातल्या छोट्या खेपांना ते मुकाट्याने चालतं, सर्व्हिसिंग स्वस्त, दहा वर्षांनीही कुरबूर कमी. घरात माणसं दोन-तीन, घाट वर्षातून चार वेळा आणि चालवणाऱ्याला घाई नाही, तर साधं पेट्रोल घ्या आणि राहिलेल्या पैशात चांगले टायर टाका. माझ्या मते साताऱ्यातल्या निम्म्या घरांना तेवढं पुरतं. तसं कुणी सांगत नाही, कारण त्यात विकणाऱ्याचा फायदा कमी.

टेस्ट ड्राइव्ह घाटातच

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला सर्व्हिस रोडने नेतात, हायवेला चढवतात, पुढच्या फाट्यावरून वळवून आणतात. सपाट रस्ता, गाडीत दोघं, एसी फुल. अशा रस्त्यावर कुठलीही नवी गाडी आवडते.

तुम्ही आधीच सांगून ठेवा: यवतेश्वर. नाही म्हणाले तर मॅनेजरशी बोला. दहा-बारा लाखांची वस्तू घेताय, दहा किलोमीटर मागणं गैर नाही. आणि एकटे जाऊ नका. नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढी घेऊन जा. मी दुसऱ्या गाडीच्या वेळी आई, बायको, मेहुणा आणि शोरूमचा पोरगा असे पाचजण भरून गेलो. पोरगा मांडीवर फाइल घेऊन अवघडून बसला होता.

वर जाताना हे बघायचं. एसी चालू ठेवून आखूड वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग पार कमी होऊ द्या आणि मग हळूच रेस द्या. गाडी लगेच उचलते, की आधी क्षणभर विचार करते आणि मग एकदम झेपावते? तो विचार करण्याचा क्षण म्हणजे टर्बो लॅग. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये तो जास्त जाणवतो, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या १.२ टर्बोमध्ये तो अगदी वेगवेगळा असू शकतो. ब्रोशरमध्ये हे कुठेच सापडायचं नाही.

मग चढावर गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा उठवा. मॅन्युअल असेल तर क्लचचा वास येतो का, मागे किती घसरते. ऑटोमॅटिक असेल तर हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) नीट धरतो का. माझ्या त्या खेपेला एका टर्बोने पहिल्या झटक्यात मान मागे नेली. आई म्हणाली, "ही नको, ही भांडखोर आहे." ती गाडी आम्ही घेतली नाही. आईच्या मानेएवढा खरा लॅगमीटर मला अजून मिळालेला नाही.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरून बघा. पाय ब्रेकवर सतत ठेवावा लागतो की इंजिन गाडीला धरून ठेवतं? पाचजण आणि सामान घेऊन पसरणी उतरताना ब्रेक तापून वास यायला लागला, की ही गोष्ट आठवते.

शेवटची परीक्षा ओव्हरटेकिंगची. कोरेगाव-रहिमतपूर बाजूला गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, वेग पंचवीस, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. त्याला पार करायला गाडी चाळीसवरून ऐंशीला तिसऱ्या गिअरमध्ये किती झटकन जाते, हे रिकाम्या सरळ रस्त्यावर बघून घ्या. कागदावरच्या शून्य ते शंभरपेक्षा हा आकडा जिवाच्या जास्त जवळचा.

डिझेल: कुणी घ्यावं, कुणी हातही लावू नये

माझ्या नारिंगी दिव्याची गोष्ट आता नीट सांगतो. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी आली, डीपीएफ. इंजिनाची काजळी ती अडवून धरते. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच थोडं जास्त डिझेल वापरून तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालायला हवी. मी नेमका त्याच्या अधेमध्ये दुकानासमोर गाडी बंद करायचो. काजळी अर्धी जळायची, अर्धी तशीच.

असं वारंवार झालं की दिवा लागतो. दिव्याकडे काणाडोळा केला तर गाडी ताकद कमी करून रांगायला लागते, आणि त्यानंतर वर्कशॉपशिवाय इलाज नाही. गाळणी बदलायची वेळ आली तर बिल वाचताना बसायला खुर्ची मागा. आणखी एक गोष्ट मेकॅनिकही सहसा आधी सांगत नाहीत: अर्धवट राहिलेल्या या खटाटोपातलं जास्तीचं डिझेल थोडंथोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट बघू नका, ऑइल बदला.

दिवा लागलाच तर घाबरायचं नाही, गाडी बंदही करायची नाही. हायवे गाठायचा, साठच्या वर, एखादा गिअर खाली ठेवून इंजिन दोन हजाराच्या वर राहील असं वीस मिनिटं चालवायचं. सातारकरांना शेंद्रे-नागठाणे बाजू बरी पडते.

बऱ्याच डिझेल गाड्यांत याच्या जोडीला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते, अ‍ॅडब्लू किंवा डीईएफ म्हणतात ते. ती रिकामी झाली की गाडी सुरूच होत नाही. खर्च फार नाही, पण घेताना विचारून ठेवा.

मग डिझेल कुणासाठी? माझ्या दहिवडीच्या मेहुण्यासाठी. रोज दहिवडी-सातारा जाऊन-येऊन, शिवाय शनिवारी शेतमालाच्या कामाला कधी पंढरपूर, कधी पुणे. माझी ती गाडी शेवटी त्यानेच घेतली. तीच गाडी, तीच गाळणी. त्याच्याकडे तो दिवा अजून लागलेला नाही.

"डिझेल गाड्या दहा वर्षांनी बंद होणार" ही चर्चा पारावर नेहमी ऐकू येते. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी निघाला. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी आणि हरित कर भरून पुढे वाढवता येते. त्या भीतीने डिझेल टाळायचं कारण नाही. टाळायचं कारण वहीतले छोट्या खेपांचे आकडे.

पैशाचा हिशेब, ऑन-रोड आणि व्याजासकट

इथे जरा वेळ द्या, कारण शोरूममध्ये हा हिशेब अर्धाच सांगतात.

समजा पेट्रोल गाडी एक्स-शोरूम १२ लाख आणि तीच डिझेलमध्ये १३ लाख २० हजार. फरक एक लाख वीस हजार, असं सांगितलं जातं. पण महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रस्ता कर १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के. (दहा लाखांच्या आत ११ आणि १३, विसाच्या वर १३ आणि १५.) म्हणजे पेट्रोलचा कर १ लाख ४४ हजार, डिझेलचा १ लाख ८४ हजार ८००. खरा फरक एक लाख साठ हजारांवर गेला.

आता इंधन. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ धरू. तुम्ही तुमच्या पंपावरचा आजचा दर घाला. आपल्या चढउताराच्या रस्त्यावर पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज १३ आणि डिझेलचं १८ धरलं, तर पेट्रोल किलोमीटरला ८ रुपये ८ पैसे, डिझेल ५ रुपये ६ पैसे. वाचले तीन रुपये. त्यातून डिझेलच्या महाग सर्व्हिसिंगचे तीस पैसे काढा. राहिले २ रुपये ७० पैसे. १ लाख ६० हजार भागिले एवढे, म्हणजे जवळपास ५९ हजार किलोमीटरनंतर डिझेल फायद्यात.

आणि गाडी कर्जावर असेल तर? वरचे एक लाख साठ हजारही कर्जातच जातात. नऊ टक्के, पाच वर्षं: त्याचं व्याज ३९ हजारांच्या पुढे. फरक दोन लाखांचा झाला आणि टप्पा ७४ हजार किलोमीटरवर सरकला. महिन्याला दोन हजार फिरणाऱ्याला तो तीन वर्षांच्या आसपास गाठता येतो, मेहुण्याला त्याही आधी. आठशे फिरणाऱ्या माझ्या वाईच्या भावाला साडेसात वर्षांहून जास्त. तोवर त्याची पोरगी कॉलेजला जाईल आणि तिला वेगळी गाडी हवी असेल.

विकताना डिझेलला आपल्या भागात चार पैसे जास्त येतात, हे खरं. माण-खटाव, जत, आटपाडी इकडे जुन्या डिझेलला गिऱ्हाईक असतं. पण ते पैसे आजच धरून हिशेब करू नका.

जीएसटीची एक गंमतही कळून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि (इलेक्ट्रिक सोडून) बाकीच्यांना ४० टक्के लागतात. छोटी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल-सीएनजी असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. नेक्सॉनचं १.२ पेट्रोल आणि १.५ डिझेल दोन्ही यात बसतात. ब्रेझाची लांबी बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती ४० मध्ये. म्हणजे रस्त्यावर एकाच मापाच्या दिसणाऱ्या दोन गाड्यांतला कर केवळ इंजिनामुळे दुपटीहून जास्त बदलतो.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक मुद्दा, आपल्या उसाचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही उसापासून बनतं. आपल्याच पट्ट्यातला ऊस आपल्याच टाकीत, यात शेतकऱ्याला आनंद आहे. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे अ‍ॅव्हरेज काही टक्क्यांनी उतरणार. नव्या गाड्या या इंधनासाठीच बनवलेल्या असतात, इंजिनाची काळजी नको. फक्त हिशेबात ब्रोशरचं अ‍ॅव्हरेज धरू नका. तसंही क्रेटाच्या कागदावर टर्बो पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज १८.४ आणि साध्या मॅन्युअलचं १७.४, म्हणजे टर्बो जास्त देते असं दिसतं. प्रत्यक्षात टर्बोचं अ‍ॅव्हरेज चालवणाऱ्याच्या पायावर. माझा पाय जड आहे, मला बाराच्या वर क्वचितच मिळालं.

हायब्रिड आणि सीएनजी

गावातल्या खेपा जास्त, पण इंधनाचा खर्च बोचतो, अशांनी स्ट्राँग हायब्रिड बघावी. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या एकाच घरच्या दोन गाड्यांत १.५ लिटर तीन सिलिंडरचं इंजिन आणि मोटर मिळून ११६ पीएस देतात. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा. मोती चौकाच्या गर्दीत ती बऱ्याचदा बॅटरीवर मुंगीच्या पावलाने सरकते, इंजिन बंदच. गाळणीचं दुखणं नाही. घाटात मात्र दोन गोष्टी माहीत असू द्या. चढताना रेस दिली की इंजिनाचा आवाज आधी येतो आणि वेग मागून. आणि बॅटरी एक युनिटपेक्षाही लहान असल्यामुळे पसरणी उतरताना ती लवकर भरते. त्यानंतरचा उतार फुकट जातो. हायवेला सलग शंभरने गेलात तर फायदा आणखी घटतो. किमतीतला फरक वरच्याच पद्धतीने वहीवर मांडा.

सीएनजीत पैसे वाचतात, दम जातो. ब्रेझाचे १०३ पीएस सीएनजीवर ८८ होतात, टॉर्क १२१ च्या आसपास. सपाटीला सातारा-कराड रोज जाणाऱ्याला उत्तम. पाचजणांना घेऊन केळघरचा घाट चढायचा असेल तर बटण दाबून पेट्रोलवर या, त्यात कमीपणा नाही. डिकीत सिलिंडर असतो. गावाकडून निघताना आईने दिलेलं तांदळाचं पोतं आणि शेंगांची पिशवी कुठे ठेवणार, हे बुकिंगच्या आधी ठरवा. टाटाने दोन छोटे सिलिंडर खाली आडवे बसवून डिकी वाचवली आहे, ते आवर्जून उघडून बघा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. आणि सणासुदीला पंपावरची रांग.

इलेक्ट्रिकचा विचार असेल तर घरी चार्जिंगची सोय आहे का, एवढा एकच प्रश्न आधी सोडवा. बाकीचं त्यानंतर.

गिअरबॉक्स इंजिनाबरोबरच येतो

बऱ्याच गाड्यांत इंजिन निवडलं की ऑटोमॅटिकचा प्रकार आपोआप ठरतो. क्रेटात साध्या पेट्रोलला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला), टर्बोला ड्युअल क्लच (दोन क्लचचा), डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा). आपल्या घाटांत हा फरक इंजिनाएवढाच मोठा.

मे महिन्यातला रविवार, वाईहून वर निघालात आणि पसरणीच्या मध्यात गाड्या खोळंबल्या. दीड तास, वाव मिळेल तसं चार फूट पुढे, पुन्हा थांबा. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यात निवांत. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा, पण चढावरच्या या सरकण्यात त्याचे क्लच तापतात, त्यातही कोरडे क्लच असले तर जास्तच. समोर दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मगच एकदम पुढे न्या. रेसवर गाडी चढावर धरून ठेवू नका, ब्रेक लावा. स्वस्तातलं एएमटी म्हणजे आत नेहमीचा क्लच, फक्त तो यंत्र दाबतं. गावात ठीक, पसरणीत झटके. सीव्हीटी मऊ चालते, पण पूर्ण भार घेऊन चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी आपल्या गतीने येते. मॅन्युअल घेणार असाल तर हे काहीच लागू नाही, फक्त डावा गुडघा चांगला हवा.

टर्बो बहुतेक वेळा वरच्या व्हेरियंटलाच देतात, ही माझी जुनी तक्रार. इंजिन हवं म्हणून सनरूफ, मोठी स्क्रीन, रंगीत दिवे गळ्यात घ्यायचे. टर्बोचं खालचं व्हेरियंट मिळतंय का, हे तीन शोरूममध्ये विचारा.

बुकिंगच्या आधी आणि पहिल्या महिन्यात

निवड झाली की त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सकाळी साडेनऊला जाऊन अर्धा तास बसा. तुमच्याच इंजिनाची गाडी घेऊन आलेल्या दोघांना विचारा: पार्ट इथे मिळतो की पुण्याहून येतो? किती दिवस लागतात? खरं उत्तर तिथेच मिळतं.

पैसे भरण्याआधी गाडी यार्डात बघा. गाडीसोबत कंपनीकडून येणाऱ्या फॉर्म २२ या प्रमाणपत्रावर बनवल्याचा महिना असतो, तो वाचा. दसरा-पाडव्याच्या घाईत आठ महिने उन्हात उभी असलेली गाडीही हार घालून मिळू शकते. विमा बाहेरून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. हँडलिंग चार्ज असं काही बिलात दिसलं तर ते कशाचं, हे लेखी मागा.

पहिले हजार किलोमीटर इंजिनाला एकाच वेगात तासन् तास ठेवू नका आणि पाचजणांसह घाट चढवू नका. देवदर्शनाला सज्जनगड चालेल, पण सावकाश. टर्बो असेल, पेट्रोल वा डिझेल, तर घाट चढून वर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा, तेवढ्यात माणसं उतरतात.

आणि ती तीन महिन्यांची वही टाकू नका, नव्या गाडीच्या कप्प्यात ठेवा. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरायचं आणि किलोमीटर भागिले लिटर एवढं लिहायचं. पहिल्या दोन टाक्यांचा आकडा वाईट येईल. पाचव्या टाकीपासूनचा खरा धरा.